दादा ‘छान’ म्हणतो

९ फेब्रुवारी
“छान.”
आजही तेवढंच! जेवलास का — छान. पाय दुखतो का — छान. आई म्हणाली, “खालच्या मजल्यावरचे काका गेले रे.” — छान!
अर्धांगाचा झटका आल्यापासून दादाजवळ हा एकच शब्द उरलाय. उजवा हात लुळा. बाकी सगळं ठीक म्हणे. ठीक!

११ फेब्रुवारी
त्याला बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. खूश होत्या. “उच्चार स्वच्छ आहे. त्यांना आवडतं ते ऐकवा काहीतरी.” मी कॅसेट लावली, आपल्या पोरांची दुसरी. (पोरं कसली, सगळी सत्तरीला टेकलीत! पण शाळेपासून आम्ही बहीणभाऊ त्या बँडला ‘आपली पोरं’च म्हणतो.) गिटारी कडाडल्या, खिडकीच्या काचा थरथरल्या. दादा छताकडे बघत पडून राहिला. बाजू संपली तसा म्हणाला, “छान.”
बाईंनी टाळ्या वाजवल्या. आईचे डोळे भरून आले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.
यांना कसं सांगू? हा माणूस त्या बँडला जन्मात कधी छान म्हणाला नाही!

१२ फेब्रुवारी
लिहून ठेवते. नाहीतर मलाही वाटायला लागेल की तो पहिल्यापासून असाच होता.
आमचा नियम होता — नवी रेकॉर्ड आली की आधी तक्रार. जो पहिला कौतुक करेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. दादाने कधीच कप विसळला नाही! गाणं संपवताना आवाज हळूहळू कमी करत नेतात ना, त्यावर त्याचा कोण राग! “भित्रे लेकाचे! संपवायचं तर संपवा. दार अर्धवट लोटून काय जाता?” गायक चौथ्या गाण्याआधी वर्षानुवर्षं तोच विनोद सांगतो. टी-शर्टवरचा छाप दोन धुण्यांत जातो. मी पडले दातांच्या कवळ्या बनवणारी, म्हणून माझी तक्रार दातांची — कव्हरवरच्या सांगाड्याला वरच्या ओळीतच सोळाच्या जागी अठरा दात! दादाने भिंग घेऊन स्वतः मोजले, आणि पुढे महिनाभर मला मान देऊन बोलत होता.
एवढा जीव त्याने दुसऱ्या कशाला लावला नाही. लग्नही राहूनच गेलं.

१६ फेब्रुवारी
टकल्या आला होता. बँडच्या वेडातला आमचा तिसरा. एके काळी केस कमरेपर्यंत होते, आता नावच टकल्या. बिचारा खास बातमी घेऊन आला — “ऐकलंस का? नव्या गाण्यात लहान मुलांचा कोरस घातलाय. आणि बासरी. बासरी, दादा!”
दोघं श्वास रोखून दादाकडे बघत राहिलो.
“छान.”
टकल्या मान खाली घालून बसला. जाताना जिन्यात म्हणाला, “हा आपला राहिला नाही गं.”
“तूच आपला नाहीस, चल नीघ!” अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी ओरडले.
पण बोलला ते खरंच.

१७ फेब्रुवारी
आज कोणी आलं नाही. बरं झालं.

२० फेब्रुवारी
कामावर एका कवळीत सुळे उलटसुलट बसवले. मालक ओरडले नाहीत. “घरी जा, बाई,” म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.
बोलायला शिकवणाऱ्या बाईंना सरळच विचारलं, तो आत आहे का? त्या म्हणाल्या, “आशा सोडू नका.” म्हणजे काय ते कळलं.
आईचं वेगळंच. “पूर्वी सदा कपाळाला आठ्या. आता बघ, कसा गुणी झालाय.” गुणी! मला गुणी दादा नकोय. किरकिऱ्या हवाय, माझ्या डोक्याला ताप देणारा हवाय. हवाय म्हणजे हवाय!

२४ फेब्रुवारी
कॅसेट गेली. टेप आत गुंतली, ओढायला गेले तर तुटली. दादाच्या डोळ्यांसमोर.
“छान.”
आज पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. “काय छान? यात काय छान आहे, सांग ना!” तो माझ्याकडे बघून हसला. पाहुण्यांकडे बघून हसतात तसा.

२६ फेब्रुवारी
मला काही लावायचं नव्हतं. आईने हट्ट धरला, म्हणून फोनवर तीच दुसरी रेकॉर्ड शोधून लावून दिली आणि कपड्यांच्या घड्या घालत बसले. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं नाही तोच दादा कण्हायला लागला. तोंड वेडंवाकडं, डावा हात धाडधाड गादीवर. आईची पाचावर धारण! “बंद कर आधी ते!”
डॉक्टर येऊन तपासून गेले. काही नाही म्हणे. “आवाज सोसत नसेल. गाणी नकोतच आता.”
म्हणजे तेही गेलं. आमच्या दोघांत तेवढं एकच होतं. आता मी त्याच्याशेजारी बसून करायचं काय?

२७ फेब्रुवारी
सकाळी त्याची दाढी करत होते. त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. कपाळाला ही एवढी आठी! “ड्रम,” म्हणाला. माझा हात तिथेच थांबला. “ड्रम... नवा. खोटा.” मग बराच वेळ ओठ जुळवत राहिला आणि म्हणाला, “गाढव.”
साबणाच्या हातानेच फोन उघडला. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं — ड्रम नव्याने वाजवून पुन्हा काढलेली आवृत्ती. भांडून गेलेल्या जुन्या ड्रमरचं वाजवणं काढून नव्याचं घातलंय. माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं!
त्याला डिवचायला मुद्दाम नाक मुरडलं. म्हटलं, “काही फरक नाहीये रे दादा.”
“आहे,” दादा म्हणाला.