घाटाची माती

९ जुलै १९५६, उज्जैन

पोचलो बुवा एकदाचा! अमरावतीहून निघालो तेव्हा सदरा पांढरा होता. देवास गेटच्या टांगेवाल्याने माझा अवतार बघून आधी आंघोळीची सोय कुठे आहे ते सांगितलं, मग भाडं.

रोजनिशी लिहायची मला मुळीच हौस नाही. पण इथल्या कलाशाळेने यंदा पदविकेच्या पुढचा वर्ग काढलाय आणि त्यात प्रबंध नाही. त्याऐवजी एक स्वतंत्र शिल्प करायचं आणि ते कसं घडत गेलं त्याची रोजनिशी जोडायची. हात काय करत होते आणि डोकं काय करत होतं, दोन्ही परीक्षकांना कळलं पाहिजे. डोकं काहीच करत नसेल तर काय लिहायचं, ते कुणी सांगितलेलं नाही.

कार्तिक चौकात विष्णूपंत गुरुजींकडे वरची खोली मिळाली. हे घराणं शिंदेशाहीपासून इथलं. रामघाटावर मराठी यजमानांची श्राद्धं, पिंडदान वगैरे तेच करतात. माझं आडनाव पांढरीपांडे ऐकून म्हणाले, बढिया, म्हणजे अर्धे आमच्याच धंद्यातले निघालात. त्यांच्या बायकोने, अंबिकाकाकूंनी, पोहे पाठवले. पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलबी! मी दोन्ही चाटूनपुसून खाल्लं.

२३ जुलै

शिल्पाच्या वरच्या वर्गात विद्यार्थी किती? मी. एकटा. त्यामुळे पहिला नंबर नक्की आहे.

आमचे गुरू भय्यासाहेब. मिशा सरदारी, हात मात्र गवंड्यासारखे. आज त्यांनी मला उत्तरेच्या खिडकीचा स्टुडिओ दिला आणि सांगितलं, की एकच चेहरा घे आणि वर्षभर त्याच्याशी झगड. मातीत जिवंत माणूस आला पाहिजे, नुसतं साम्य तो फोटोवालाही देतो. बोलता बोलता हेही म्हणाले, की राज्यांची उलथापालथ होणार आहे, नव्या सरकारला हा वर्ग फुकटचा खर्च वाटला तर तो बंद. वर्ग टिकवायचा तर माझं काम दाखवण्याजोगं पाहिजे. म्हणजे ओझं माझ्या एकट्याच्या डोक्यावर!

१४ सप्टेंबर

सुलू आली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा पुन्हा शाळेत गेला म्हणून माहेरी तिची बरीच चेष्टा झाली म्हणे. तिने येताना ती सगळी माझ्यासाठी बांधून आणली आहे. दिवसभर खोली हसतेय.

चेहरा ठरला. तिचाच. ती म्हणाली, अहो, हलायचं नाही आणि बोलायचंही नाही, हे तुम्हाला कुणी सुचवलं? तिच्या नाकाचा शेंडा किंचित वर आहे आणि हसायच्या आधी वरचा ओठ जरासा थरथरतो. तो थरथरणारा ओठ मला हवा आहे. मिळाला तर मी स्वतःला शिल्पकार म्हणवीन.

५ ऑक्टोबर

शाळेच्या मातीने वैताग आणला होता. रेताड, नाकाशी आली की भेगा. आज रामघाटावर फिरायला गेलो. काल सर्वपित्री अमावास्या झाली, घाटावर पंधरवडाभर पिंडदानाची रीघ होती. पायऱ्या संपतात त्याच्या खालच्या अंगाला, पाणी वळतं तिथे, राखाडी माती साचली आहे. हातात घेतली आणि वेडाच झालो. लोण्यासारखी! बोटाचा ठसासुद्धा धरून ठेवते.

का, तेही माझ्या लक्षात आलं. पिढ्यान्‌पिढ्या इथे भाताचे न्‌ जवाच्या पिठाचे पिंड सोडतात. अन्न मातीत कुजलं की मातीला चिकटपणा येतो, जुने मूर्तिकार मुद्दाम शेण-भुसा कुजवतात तो याचसाठी. दोन पोती भरून शाळेत नेली. सुलू मदतीला आली होती. दोघांनी मिळून मातीतले काळे तीळ आणि शितं निवडून टाकली. ती जरा कचरली, ही अशी माती घ्यावी का म्हणून विचारलं. मी म्हटलं, माती ती माती.

१२ ऑक्टोबर

आठवडाभर काम असं धावतंय की मीच थक्क आहे. सळईवर माती चढवली आणि कपाळ, गाल, मान आपणहून जागेवर बसल्यासारखी झाली. संध्याकाळी सुलूच्या जुन्या लुगड्याची ओली फडकी गुंडाळून ठेवतो, म्हणजे माती वाळत नाही. भय्यासाहेबांनी खिशातून चष्मा काढून बघितलं. ते चष्मा सहसा काढत नाहीत.

ओठ अजून नाही. पण येईल.

१५ ऑक्टोबर

दसऱ्याची सुट्टी संपवून सकाळी फडकी सोडली. गाल बसले होते. दोन्ही सारखे, आत ओढल्यासारखे. माती ओली राहिली की खाली ओघळते, तसं असेल. पुन्हा भरले. दुपारपर्यंत सुलू परत आली, म्हणजे मातीत. खरी सुलू स्टुलावर पेंगत होती. तिला इतकी पेंग कधी येत नाही.

१८ ऑक्टोबर

ओघळणं नव्हे हे. ओघळलेली माती खाली जाते. आज जबडा पुढे आला होता, आणि डोळ्यांच्या खोबणी खोल. तोंड दात गेलेल्या म्हातारीचं. आणि काम चांगलं होतं, ते जास्त लागलं मला. माझ्यापेक्षा चांगलं.

कुणी चेष्टा करत असेल म्हणून किल्ली माझ्याजवळ ठेवली. तो जबडा कोरणीने खरवडून टाकला आणि सुलूची हनुवटी पुन्हा बसवली. खरवडताना सुलू दोनदा दचकली. विचारलं तर म्हणाली, काही नाही, दाढ दुखते.

२१ ऑक्टोबर

रोज सकाळी म्हातारी. रोज मी तिला खरवडतो.

आज खरवडून झाल्यावर कॅलिपरने मापं ताडून बघितली. सुरुवातीला सुलूची मापं घेऊन भिंतीवर खुणा केल्या होत्या. मातीतला चेहरा खुणांशी जुळतो. सुलू जुळत नाही. कॅलिपर तीनतीनदा लावला. गालाचं हाड वर आलंय, हनुवटी पुढे. मी मातीतून जे जे काढून टाकलं ते ते तिच्या चेहऱ्यावर येतंय.

हे लिहून बघितलं तर वेड्यासारखं दिसतं. पण हात खोटं मोजत नाहीत. मला भीती वाटते आहे.

२४ ऑक्टोबर

दुपारी अंबिकाकाकू वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या. विष्णूपंतांच्या यजमानांसाठी त्यांनी जवाच्या पिठाचे पिंड वळून ताटात ठेवले होते. सुलूने ते खाल्ले. सगळे. तिळांसकट, ओट्याशी उकिडवी बसून. काकूंनी हाक मारली तेव्हा ती म्हणाली, "म्हारे भूख लागी री है."

काकू रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, भैया, तुझी बायको वऱ्हाडची, तिला ही माळव्याची बोली कधीपासून आली?

सुलूला विचारलं. तिला काही आठवत नाही. माझ्या कुशीत शिरून रडली. हाडं लागली तिची.

२७ ऑक्टोबर

विष्णूपंतांना सगळं सांगितलं. मातीचं ऐकून त्यांनी आधी कपाळावर हात मारला आणि मग आवाज चढवला. म्हणाले, अरे, पिंड म्हणजे काय? ज्याला देह नाही त्याला दिलेला देह. तो घेऊन तो पुढे जातो. पण सगळ्यांचं सगळं रीतसर होतं थोडंच! कित्येक तिथेच अडकून पडलेत, भुकेले. त्यांना बांधून ठेवतात ते तीळच, आणि तू त्या मातीतून ते निवडून काढलेस, वर जिवंत बाईला समोर बसवून तिचा साचा दिलास! ते म्हणाले, आता खरवडू नको. जसा आहे तसा, चेहरा न मोडता, आजच पाण्यात सोड. मी येतो बरोबर.

आजच.

तिथून शाळेत गेलो तर भय्यासाहेब वाट बघत होते. दिवाळी झाली की भोपाळहून नव्या सरकारची माणसं येणार. प्लास्टरमध्ये पक्कं केलेलं एक काम तरी दिसलं पाहिजे, नाहीतर वर्ग गेला. त्यांनी फडकी सोडून म्हातारी बघितली. चष्मा लावून जवळ वाकले. मग म्हणाले, की पन्नाशी उलटली, इतकं जिवंत काम मी बघितलं नाही.

मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

शेवटी तोड काढली. साचा घेतला की माती तशीही उकरून काढावीच लागते. म्हणजे आधी साचा, मग सगळी माती नदीला. वर्गही राहील आणि सुलूही. विष्णूपंतांना सांगितलं, चार दिवस द्या. ते नको नको म्हणत राहिले.

२९ ऑक्टोबर

खरवडणं थांबवलं. आणि सुलू सुधारतेय! गाल भरले. आज स्वतः उठून केस विंचरले. मातीतली म्हातारी रोज अधिक स्पष्ट होतेय, कानामागची सुरकुतीसुद्धा. होऊ दे. तिचं तिला, आमचं आम्हाला.

१ नोव्हेंबर

कालपर्यंत मी अमरावतीचा म्हणून मध्य प्रदेशातला होतो आणि उज्जैनला, म्हणजे मध्य भारतात राहत होतो. आजपासून मुंबई राज्यातला, आणि राहतो मध्य प्रदेशात. टावर चौकात सकाळपासून बँड वाजतोय. शाळा बंद, पण किल्ली माझ्याजवळ.

प्लास्टर चढवलं, दोन भागांत. सुकल्यावर साचा उघडला. आतली माती हाताने उकरून काढली. गरम होती. प्लास्टर सुकताना तापतं, मला माहीत आहे. पण ही आतपर्यंत गरम होती, आणि मी बोटं घातली की आक्रसत होती. मी थांबलो नाही. उकरत गेलो, पोत्यात भरत गेलो.

दिवस होता तोवरच विष्णूपंतांबरोबर रामघाटावर गेलो. ते मंत्र म्हणत होते, मी दोन्ही पोती रिकामी केली. माती विरघळायला वेळ लागला. एक गोळा बराच वेळ बुडत नव्हता. मी तो पायाने खाली दाबला.

२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सुलू ठणठणीत. नाक, गाल, सगळं पहिल्यासारखं. खुणांशी जुळवून पाहिलं, केसाचाही फरक नाही. तिने दिवे लावले, खीर केली. मी लहान मुलासारखा रडलो.

एवढंच, की ती मला "अहो" म्हणाली नाही. दिवसभर तू म्हणतेय. एकदा बेटा म्हणाली.

आणि वरचा ओठ. हसली तेव्हा थरथरला नाही. ओठ तोच आहे. पण—

३ नोव्हेंबर

सकाळी साचा धुतला, चिकटू नये म्हणून आतून साबण लावला, प्लास्टर ओतलं. त्याआधी सुलूला सहज म्हणून विचारलं, तुझ्या आईचं नाव काय? म्हणाली, इतक्या जुन्या गोष्टी कुणाला आठवतात.

आता साचा फोडतोय. छिन्नीने हळूहळू. कपाळ मोकळं झालं.

कपाळावर सुरकुत्या नाहीत.

म्हातारीच्या होत्या. मी स्वतः बघितल्या होत्या, साच्यातही उमटल्या होत्या—

नाक. शेंडा किंचित वर.

दुपार

सुलू आहे.

प्लास्टरमध्ये सुलू आहे. पुरी. तोंड उघडं, पाण्याखाली श्वास घ्यायला उघडावं तसं. डोळे मिटलेले घट्ट. आणि वरचा ओठ. तोच. मिळाला.

मी खरवडत होतो तेव्हा म्हातारी तिच्या अंगात शिरत होती आणि सुलू इकडे येत होती. थोडी थोडी. दिवसभर समोर बसायची आणि थोडी थोडी मातीत— म्हातारीचा नुसता वरचा पापुद्रा. आत सुलू. माती गरम होती. आक्रसत होती. विष्णूपंत म्हणाले होते, आजच सोड, चेहरा न मोडता. कदाचित तेव्हा ती अजून सुटली असती. मी उकरली. तुकडे केले. पोत्यात भरली.

तो गोळा बुडत नव्हता.

पायाने. मी पायाने—

सुलू. सुलू गं.

संध्याकाळ व्हायच्या आधी

ती आली आहे. जेवणाचा डबा घेऊन. सुलूचं हिरवं पातळ. दार मी आतून लावलं होतं.

शिल्पाकडे बघून खूश झाली. म्हणाली, हुबेहूब केलंस. मग म्हणाली, मी एकटीच सुटले, घाटावर अजून पुष्कळ आहेत. माझा मुलगा आहे. भुकेला आहे. किती वर्षं झाली.

मी विचारलं, माझी सुलू कुठे आहे. ती म्हणाली, जिथे मी होते तिथे.

माती घेऊन आली आहे. डब्यात जेवण नाही, माती आहे. दाराबाहेर आणखी पोती. तीळ निवडलेले. तिने सळई रोवली, माती चढवतेय. माझेही नाहीत इतके सराईत हात—

स्टुलावर बसवलंय मला. उठता येत नाही. वही मांडीवर, तेवढी चालतेय. कुणी वाचलं तर रामघाटाच्या खालच्या अंगाला, पाणी वळतं तिथली माती उचलू नका, ती सुलू आहे, तिला कुणी

डाव्या गालाला काही लागत नाही. बधिर.

ती हनुवटी वर करतेय माझी. बोटं मऊ, सुलूचीच. हलू नको बेटा म्हणतेय. मी म्हटलं, एक ओळ राहिली, सुलूच्या आईला कळवायला हवं की तिची मुलगी