तळमजला, खुर्ची आणि काचेची एकच किटली

मी, वय ७६, इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. दबाव आणण्याचा प्रयत्न मुलाने गेल्या रविवारी केला, तो फसला. घर माझ्या पगारातून बांधलेले, माझ्या एकटीच्या नावावर आहे.

१. तळमजल्यावर माझी सून सहा वर्षे माँटेसरी बालघर चालवते. तो मजला मी तिच्या एकटीच्या नावे करते. मुलाने तो एका दातांच्या डॉक्टरांना भाड्याने द्यायचे परस्पर कबूल केले आहे. तो म्हणतो, "आई, पोरं दिवसभर पाणीच ओततात. याला काय शाळा म्हणायचं?" पहिल्या वर्षी माझेही हेच म्हणणे होते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ओठांवर बोट आणि हातावर पट्टी. त्यालाच मी शिक्षण समजत आले.

मग एकदा पाणी ओतायच्या काचेच्या किटलीसाठी एक मुलगी ताटकळलेली पाहून मी कळवळून दुसरी किटली विकत आणली. सुनेने ती सरळ कपाटात ठेवली. "आई, प्रत्येक वस्तू एकच ठेवतो आम्ही. थांबू दे तिला. आणि तुम्ही बसा बघू, हात मांडीवर." तीस नर्सेस जिच्या हाताखाली होत्या, तिला हे ऐकवले! चार दिवस मी अबोला धरला. पण बसले. ती साडेतीन वर्षांची मुलगी हात मागे बांधून दुसरीचे ओतणे बघत होती. पाळी आल्यावर तिने तेवीस वेळा पाणी ओतले, सांडलेले पुसले, किटली जागेवर ठेवली. शाबासकी कोणी दिली नाही, तिने मागितलीही नाही. मग एवढा खटाटोप कोणासाठी? मला अजून कळलेले नाही. म्हणून रोज खाली जाते.

२. वरचा मजला मुलाला, सोबत माझा शिवणाचा डबा. त्याचे मोजे मी दहाव्या वर्षापर्यंत चढवले. पंचेचाळिशीत तो ते शोधायला बायकोला हाक मारतो. दोष माझा. आता बटणे त्याने स्वतः लावावीत.

३. बालघराच्या कोपऱ्यातली माझी खुर्ची तिथेच राहील. दातांच्या डॉक्टरांनीही एकदा बसून पाहावे, माझी हरकत नाही.

४. कपाटातली किटली पहिली फुटल्यावरच काढावी. प्लास्टिकची आणू नये. फुटते म्हणूनच मुले ती जपून धरतात.

(सही)
ठिकाण: राहते घर. ९ जुलै २०२४, मंगळवार.

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही), समोरचे शिंपी (सही).
मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर स्वतः सही केली. हात फार कापत असल्याने पाच मिनिटे लागली. शिंप्यांनी त्यांचे कोपर धरायला हात पुढे केला होता. "थांबा, होतंय माझं," असे बाई म्हणाल्यावर मागे घेतला.