एंटर न दाबता

३ जून
यांच्या जागी कारखान्यात रुजू झाले. खुर्ची छान आहे आणि खिडकीतून थेट कागदाचा रोलर दिसतो. रोलरवर आक्का असते. आल्या आल्या मला मास्तरीणबाई म्हणून मोकळी झाली. हे गेल्यावर यांची सी भाषेची पुस्तकं एकटीने वाचली, ती आता कामाला आली. रोलरचा प्रोग्रॅम जुन्या आणि नव्या, दोन्ही कॉम्प्युटरवर चालवायचा आहे. एक कीबोर्ड रोलरपाशी, दुसरा माझ्या टेबलावर. एस दाबलं की रोलर थांबायला हवा. फोरमन म्हणाले, वहिनी, दादा गेले त्या दिवशी त्यांनी एस दाबलंच नाही, कॉम्प्युटरमधली नोंद कोरी आहे. ती नोंद मी स्वतः तपासणार.

५ जून
सापडलं. जुन्या कॉम्प्युटरवर बटण दाबताच अक्षर प्रोग्रॅमला मिळतं. नवा मात्र एंटर दाबेपर्यंत अख्खी ओळ स्वतःजवळ धरून ठेवतो. हे गेले त्या दिवशी नवाच जोडलेला होता. बाही रोलरमध्ये ओढली गेलेल्या माणसाने एंटर कुठल्या हाताने शोधायचं? यांनी दाबलं होतं. फोरमनना सांगितलं, तर म्हणाले, झालं गेलं उकरू नका.

६ जून
अक्षर वाचणाऱ्या फंक्शनचं नाव एकच ठेवलं, आत दोन्ही कॉम्प्युटरसाठी दोन वाटा केल्या. जुन्यावर तिथली तयार सोय वापरायची. नव्यावर ओळ धरून ठेवणं बंद करायचं, एकच अक्षर घ्यायचं आणि प्रोग्रॅम बंद होताना सगळं होतं तसं करून ठेवायचं. एस दाबलं. रोलर जागच्या जागी थांबला. आक्का म्हणाली, आता शंभर वर्षं मरत नाही बघ मी.

७ जून
अकरा वीसला रोलर आपोआप थांबला. हे गेले ती वेळ. आक्काचे दोन्ही हात कागदावर होते, माझे मांडीवर. नोंदीत एकेचाळीस एस. आधी भराभर, मग लांब लांब. शेवटच्या दोन एसमध्ये अख्खं मिनिट.

८ जून
कॉम्प्युटरमध्ये आधीची अक्षरं साठली असतील म्हणून ती सकाळीच टाकून दिली. दोन्ही कीबोर्ड काढून ठेवले. अकरा वीस. एकेचाळीस.

९ जून
रोज काम अडतं म्हणून फोरमन चिडले. आधीचाच प्रोग्रॅम परत चढवला, एंटरवाला, आणि दोन्ही कीबोर्डही परत लावले. मी हात जोडले, ऐकलं नाही. अकरा वीसला पडद्यावर एस उमटत राहिले. रोलर फिरत राहिला. शेवटपर्यंत बघवलं नाही —

१० जून
आत्ताशी दहा वाजलेत. यांची वेळ नाही. तरी एस. भराभर, न थांबता — आज कसली एवढी घाई —
आक्का वाकलीय. तिची बाही —
हे दाबतायत. एंटर मी —