भिंतीकडची बाजू

सोमवार, १२ जानेवारी

पिंजूच्या आईस,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत, तिकडे तूही बरी असशील. पत्र पाहून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला दोघांपैकी कुणीतरी फोन ठेवतं. कागदावर निदान मला मध्येच कुणी तोडत नाही.

दुकान चालू आहे. समोरच्या फोमवाल्यानं काचेचं दार बसवलं. त्याच्या गाद्या खोक्यात गुंडाळून येतात आणि उघडल्या की आपोआप फुगतात. परवा गंमत म्हणून एकीवर बसून आलो. बसलो तर आत गेलो, आणि उठलो तर मी कधी तिथे बसलोच नव्हतो अशी ती सपाट. असली विसराळू गादी काय कामाची? त्याच्याकडे गर्दी असते मात्र.

आता मुद्द्याचं. पिंजू झोपत नाही.

दोन महिने होत आले. आधी मला वाटलं, पंधरा वर्षांची पोर आहे, या वयात उशिरा झोपणं आणि उशिरा उठणं चालायचंच. पण ही उशिरा झोपत नाही, झोपतच नाही. दोन तास डोळा लागला तर लागला. शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तुमची मुलगी गणिताच्या तासाला बाकावर डोकं ठेवून असते. घरी झोपायची नीट सोय आहे ना? तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "गाद्या करतो." त्या हसल्या नाहीत, पण हसू आवरायला त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आपल्याच घरी.

तरीही मी एवढ्यावर पत्र लिहिलं नसतं. गेल्या मंगळवारी ती सायकलवरून पडली. चालवता चालवता डोळे मिटले म्हणे. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण मागून टेम्पो येत होता, हे मला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं सांगितलं, तिनं नाही.

डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. त्यांनी सांगितलेलं सगळं करतो. उठायची वेळ एकच, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सकाळी उन्हात चालणं. दुपारनंतर चहा बंद. मोबाइल आठ वाजता माझ्या कपाटात. म्हणून तुझे नऊचे फोन हल्ली उचलले जात नाहीत, गैरसमज नको. शेवटी त्या म्हणाल्या, "तिच्या मनात काय आहे तेही विचारा." तेवढं सोडून बाकी सगळं केलं.

आणि गादीचं म्हणशील, तर मी हात आखडता घेतलेला नाही. तू गेल्यापासून ती आतल्या खोलीत आपल्या मोठ्या गादीवर झोपते, मी बाहेरच्या खोलीत आलो. ती गादी जुनी झाली होती. कापूस बसला होता, भिंतीच्या बाजूला तर खळगाच पडला होता. नोव्हेंबरात मी ती उसवली. नवा कापूस, नवी खोळ, चार चार बोटांवर टाका. वर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवलास तरी सांडणार नाही. एवढं करूनही पोर टक्क जागी.

तुला एकच विचारायचं आहे. लहानपणी ती झोपत नसली की तू काय करायचीस? काहीतरी करत असशील. मला माहीत नाही, कारण मी झोपलेला असायचो. तेवढं लिही. बाकी काही कळवायची गरज नाही.

पिंजूचे बाबा


बुधवार, २८ जानेवारी

पिंजूच्या आईस,

तुझं उत्तर पोचलं. साडेतीन ओळी. तू कापड बेततानासुद्धा एक चिंधी वाया जाऊ द्यायची नाहीस, तशीच लिहितेस.

"मी काहीच करत नव्हते. ती यायची, मी सरकून जागा करून द्यायचे. मग ती झोपायची."

मला वाटलं, हा टोमणा. सगळं आयुष्य मी तुमच्यासाठी सरकले आणि तुम्ही मात्र तसूभर हलला नाहीत, असं म्हणायचं असेल. दोन दिवस धुमसत होतो. पत्र फाडणार होतो, पण मागची बाजू कोरी होती म्हणून तिच्यावर एका गिऱ्हाइकाची मापं लिहून घेतली. त्यामुळे ते वाचलं, आणि नंतर मीही ते पुन्हा वाचलं.

शनिवारचं सांगतो. शाळा सुटल्यावर पिंजू माझा डबा घेऊन दुकानात आली. मी एका तान्ह्या बाळाची गादी शिवत होतो. मागच्या खोलीतून दोऱ्याचं रीळ आण म्हटलं. बराच वेळ ती येईना. मी हाक मारली, "अगं, दोरा आणायला गेलीस की कापूस पेरायला?" आत जाऊन बघतो तर माळ्यावरचं एक गाठोडं तिनं खाली ओढलं होतं आणि त्यावर मुटकुळं करून पडली होती. पायात बूट तसेच. तोंड उघडं, अगदी माझ्यासारखं. गाढ झोपली होती.

मी कापूस पिंजायचं यंत्र बंद केलं आणि पुढे येऊन बसलो. तेवढ्यात एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. मी तोंडावर बोट ठेवलं. मुलगा कुजबुजला, "दुकान बंद आहे का?" मी कुजबुजलो, "हो." शटर उघडं, मी हातात सुई घेऊन बसलेलो. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि समोर फोमवाल्याकडे गेले. जाऊ देत. पोर तीन तास झोपली.

उठल्यावर तिथेच बसून राहिली. म्हणाली, "बाबा, हे विकलं का नाही?"

"गिऱ्हाईक नाही मिळालं."

"खोटं. जुना कापूस न्यायला तो माणूस दर महिन्याला येतो."

"बरं, नाही विकलं. तू हेच गाठोडं का काढलंस?"

"खोळ दिसली. आपल्या गादीची, निळ्या पट्ट्यांची." मग म्हणाली, "तुम्ही आपली गादी का फोडली?"

"कापूस बसला होता गं."

"बसला नव्हता. तिथे आई झोपायची. तिची जागा होती ती. मी तिच्यात मावत होते. आता गादीवर कुठेही पडलं तरी सगळीकडे सारखंच लागतं."

मी म्हटलं, "चल, डबा गार झाला." डॉक्टरीणबाईंनी विचारा म्हणून सांगितलं होतं ते हे असं न विचारताच कळलं. आतापर्यंत आमचं सगळं रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललं होतं.

आज तिचा मोबाइल कपाटातून काढून दिला. तू नऊला फोन करत जा. साडेनऊला तो पुन्हा कपाटात जाईल, तेवढा हट्ट माझा राहू दे.

आणि एक सांग. "ती यायची" म्हणजे कधी यायची? दहाव्या वर्षी मी तिला वेगळी खाट केली होती, गादी स्वतः भरली होती. त्यानंतरही यायची?

पिंजूचे बाबा
(तुझा कोण, ते तूच ठरव.)


रविवार, १५ फेब्रुवारी

प्रिय दाभण,

फार दिवसांनी या नावानं हाक मारतोय. कितीही जाड कापड असलं तरी तू सरळ आरपार जायचीस, म्हणून ठेवलं होतं. तू रागावून मला ओंडका म्हणायला लागलीस, कारण मी पडलो की घोरायला लागायचो. आता कळतं की ते नाव तू उगीच ठेवलं नव्हतंस.

माझ्या प्रश्नाला तू उत्तर दिलं नाहीस, पोरीनं दिलं. परवा सकाळी उन्हात चालताना मी तिला विचारलं. म्हणाली, "रोज यायचे बाबा. तेरावं लागेपर्यंत. तुमच्या पायांकडून चढायचे. आई काही बोलायची नाही, नुसती भिंतीकडे सरकायची. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

नव्हतं. तीन वर्षं माझं पोर झोप येत नाही म्हणून रोज उठून यायचं, आणि मी हातभर अंतरावर घोरत होतो. म्हणजे हे दुखणं नोव्हेंबरातलं नव्हेच. तू ते कुणालाही न सांगता निस्तरत होतीस.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. मध्येच हसू नकोस.

त्या गादीचा कापूस बसला नव्हता. ती आणखी पाच वर्षं चालली असती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तू तिकडच्या इस्पितळातलं चादरी-अभ्रे शिवायचं काम आणखी एक वर्ष करणार आहेस, असं तू पोरीला फोनवर सांगितलंस. तिनं ते मला जेवताना सांगितलं. मी हात धुतले, आतल्या खोलीत गेलो, दार लावलं आणि गादीवर कात्री चालवली.

राग होताच. पण नुसता राग असता तर बरं झालं असतं. तू गेल्यापासून त्या गादीची चादर मीच बदलायचो. चादर काढली की भिंतीकडचा तो खळगा दिसायचा. खांदा कुठे, कंबर कुठे, सगळं कळायचं. मी त्यात हात ठेवून बसायचो. एकदा पोरीनं हाक मारली तेव्हा किती वेळ बसलो होतो ते कळलंच नव्हतं. मला ते सहन होईना. तुझी फार आठवण येते गं. हे एक वाक्य लिहायला मला तीन पत्रं लागली.

आणि उसवताना काय मनात आलं तेही ऐक. आमच्या धंद्यात गादी उघडली की माणूस कळतो. कोण कुशीवर झोपतं, कुणाची पाठ दुखते, नवरा-बायकोत अबोला आहे का, सगळं कापूस सांगतो. तुझा खळगा अगदी भिंतीला चिकटून होता. मी म्हटलं, बघा, ही बाई वर्षानुवर्षं माझ्यापासून लांब सरकत होती आणि मला पत्ता नाही. तेव्हा नोकरी हे नुसतं निमित्त. मग मी आणखी जोरात फाडली. मध्ये आणखी एक खळगा होता, उथळ, लहान मापाचा. तो मी पाहिला होता. जुन्या गादीला मध्ये असं होतंच, म्हणून सोडून दिला. बावीस वर्षं लोकांच्या गाद्या वाचल्या आणि स्वतःच्या गादीत मधोमध झोपलेलं पोर मला दिसलं नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून गाठोड्यातला कापूस न पिंजता निळ्या पट्ट्यांच्या खोळीत परत भरला. भिंतीकडे खळगा पाडावा म्हणून मी वाळूच्या पिशव्या रचून ठेवल्या. खांद्याला दोन, कमरेला तीन. दोन दिवसांनी पिशव्या उचलल्या. पिंजू त्यात आडवी झाली आणि म्हणाली, "बाबा, हा खड्डा आहे." आधी ती हसली, मग मी, मग तिला रडू आलं. गादी भरायला मला एक दिवस लागतो. तो खळगा पडायला तुला किती वर्षं लागली असतील, याचा हिशेब मी सोडून दिला.

सध्या मी तिच्या खोलीत खाली सतरंजी टाकून पडतो. मध्येच ती विचारते, "बाबा, जागे आहात?" मी म्हणतो, "आहे." मग थोड्या वेळानं तिचा श्वास संथ होतो. चार-साडेचार तास झोपते आता. सायकल अजून दिलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुधारणा आहे, घाई करू नका. पण मी काही तू नव्हे, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. तुझ्याशी फोनवर बोलून झालं की ती मोबाइल माझ्या हातात देते. तो गरम असतो. मी तो लगेच कपाटात ठेवत नाही.

तू निघालीस त्या दिवशी मी दारात उभा राहून म्हणालो होतो, "उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस." तू बॅग उचललीस आणि म्हणालीस, "तुम्हीच चला की बरोबर." त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. तू माझा शब्द पाळलास. इतर वेळी कधी माझं ऐकलं नाहीस, नेमकं तेवढंच ऐकलंस. तो शब्द मी बोललो होतो, तेव्हा मागे घ्यायचा तोही मीच. घेतला.

तू परत ये, असं मात्र लिहीत नाही. तिथे तुझ्या हाताखाली आठ बायका आहेत आणि तू विभागाला वळण लावलंस, हे पोर मला रोज ऐकवते. तिच्या आवाजात इतका अभिमान असतो की मी उगाच खोकतो. म्हणून आम्हीच येतो. गुरुवारपासून तिच्या शाळेला चार दिवस सुट्टी आहे. पहाटेच्या बसनं निघू. गादी गुंडाळून टपावर टाकणार आहे. कंडक्टर कटकट करील, पण भांडणाचा मला सराव आहे. चार दिवसांनंतर काय, ते तिथे बसून बोलू. हातात सुई असली की माणूस कुठेही गादी भरू शकतो, एवढं मी आता मान्य करतो.

तुझी खोली लहान आहे म्हणे. गादी पसरली की पाय ठेवायला जागा उरणार नाही. काही हरकत नाही, मी दाराशी सतरंजी टाकेन.

गादीच्या तीन बाजू पक्क्या शिवल्या आहेत. भिंतीकडची शिवलेली नाही, प्रवासापुरता कच्चा दोरा घातला आहे. तिथे किती कापूस हवा ते मला मापावरून ठरवता येत नाही. तू तिथे पड, पोरीला मध्ये येऊ दे, ती झोपली की मग मी कडेची शिवण घालतो. सुई-दोरा खिशात घेऊन येतोय.

बुधवारी नऊला फोन करशील तेव्हा पिंजूला एवढंच सांग, गादी कुठल्या भिंतीला लावायची. नाही सांगितलंस तर मी दोघींना, म्हणजे पोरीला आणि गादीला, तुझ्या दाराशी पोचवून मुकाट्यानं परत फिरेन. सांगितलंस तर चप्पल बाहेर काढीन.

तुझा,
ओंडका