वशिल्याचं काळं बटण

प्रिय टिल्लू,

तुझा मेसेज मिळाला. फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो लांबलचक लेखही वाचला. मावशीने त्याला तीनदा अंगठा दिला, एकदा चुकून रडणारं तोंडही दिलं. तुमच्या ऑफिसात जुन्या व्हिडिओ गेमचं प्रदर्शन भरणार, तू साहेब म्हणून त्याचं उद्घाटन करणार, आणि मधोमध टेबलावर आपला जुना सेट मांडणार. ‘ताई, माळ्यावर असेल बघ, शनिवारच्या आत पार्सल कर’ असा हुकूम आलाय. खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं म्हणून हुकुमाची विनंती होत नाही, शहाण्या. पार्सल करते, काळजी नको. पण सोबत हे पत्रही. फोनवरचं तू दोन ओळींपुढे वाचत नाहीस आणि हे तुला शेवटपर्यंत वाचायचं आहे.

आधी घरची खबर. बाबा ठीक आहेत, अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. सकाळची पांढरी गोळी उपाशीपोटी मुकाट्याने घेतात, पण जेवणानंतरची पिवळी गालात धरून ठेवतात आणि मी पाठ फिरवली की कुंडीत थुंकतात. कुंडीतलं झाड टुणटुणीत आहे. त्यांना ‘आ करा’ म्हणून तोंड तपासावं लागतं. चिडतात, चिडू द्यायचं. ऐकायचं नसलं की कानाचं मशीन बंद करतात आणि मान डोलवत बसतात, म्हणजे आपल्याला वाटतं पटलं. आणि पेचकस अजून सुटलेला नाही. आपलं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली तरी स्क्रू दिसला की यांचा हात जातो. मागच्या महिन्यात समोरच्यांची दारावरची बेल उघडून ठेवली. रोज एखादं बिघडलेलं घड्याळ हातात दिलं की दुपार निभते.

तर सेट. माळ्यावरून काढला, पितळी पट्ट्या खोडरबराने घासल्या, स्पिरिट लावलं, आणि सुरू केला. पहिल्या फटक्यात लागला. आणि त्याच्या खाचेत अजून वशिला बसलेला होता. तुझ्या लेखात वशिल्यावर एक अख्खा परिच्छेद आहे, छान लिहिलायस. सेटच्या खाचेत आधी वशिला, त्याच्या डोक्यावर कॅसेट, पडद्यावर आकड्या-अक्षरांचा कोड भरला की जीव संपत नाहीत, गोळ्या संपत नाहीत, भिंतीतून आरपार चालता येतं. साहेबाच्या कानात मधल्या माणसाने सांगितलं की काम होतं, म्हणून त्याचं नाव वशिला. फक्त ते नाव तू ठेवलंस असं लिहिलंयस. नाव मी ठेवलं होतं रे, टिल्ल्या. तू तेव्हा वशिला म्हणजे काय ते आईला विचारायला गेला होतास.

आणि नवा कोड शोधायची रीत तुझ्या लेखात कुठे नाही, कारण ते काम माझं होतं. पाच जीव असताना वशिल्याला सांगायचं, बघून ठेव. मग मुद्दाम खड्ड्यात उडी मारून मरायचं आणि सांगायचं, आता एक कमी झाला, कुठला आकडा एकाने उतरला ते शोध. परत मरायचं, परत विचारायचं. पाच-सहा वेळा मेलं की हजारो आकड्यांतून एकच उरायचा. तो जागच्या जागी धरून ठेवला की अमर! अख्खी सुट्टी मी मरत होते आणि तू शेजारी बिस्किटं खात ‘आता कितीवर आलं ग?’ विचारत होतास. काय सुख होतं त्यात, सांगू? बाहेर आई आजारी, दुकानात उधारीवरून भांडणं, आणि आपण दोघं त्या अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर, कधीच न मरणारे. मलाही ते दिवस आठवतात. तुझ्यापेक्षा जास्त आठवतात, कारण मी त्याच घरात राहिले.

आता त्या सामन्याबद्दल. तो तू लेखात शेवटी घेतलायस, ‘आम्हा भावंडांचा ऐतिहासिक सामना’ म्हणून. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबांचा हात थरथरायला लागला होता, सोल्डरिंग करताना टोक नीट टेकायचं नाही. आणि एकाच आठवड्यात दोन पत्रं आली, तुला इंजिनिअरिंगचं आणि मला ध्वनिमुद्रणाच्या शाळेचं. त्या शाळेत वीस जागा होत्या, त्यातली एक माझी. कोणीतरी एकाने मागे राहून दुकान धरायला हवं होतं. बाबांनी हात झटकले, म्हणाले, तुम्ही दोघं काय ते ठरवा. मग आपण ठरवलं, मामाने परदेशातून आणलेली मारामारीची कॅसेट, पाच डाव, जिंकेल तो जाईल. मी हो म्हटलं, कारण त्या खेळात दहातले सात डाव मी तुझ्याकडून घेत होते. खोटं कशाला बोलू, मला तुझी कीवच आली होती.

ती कॅसेट आपल्या सेटवर सरळ लागायची नाही, मध्ये वशिला असला तरच लागायची. म्हणून वशिला काढायचा नाही, पण कोड बंद. म्हणजे वशिल्याच्या बाजूचं काळं बटण खाली, वर केलं की कोड चालू. ते बटण पहिला रिमोट धरणारा बसतो त्या अंगाला. पहिल्या रिमोटची दांडी ढिली झाली होती, डावीकडे ओढायची. मी थोरली, मी तो घ्यायला हात पुढे केला तर तू म्हणालास, राहू दे ताई, खराब तो मला. टिल्लू, मी सत्तावीस वर्षं हे वाक्य लोकांना सांगत आले. हरायची पाळी असतानाही माझ्या भावाने वाईट रिमोट स्वतःकडे घेतला, असं कौतुकाने. मी तीन-दोन अशी हरले. तुझी बॅग मी भरली. बसपाशी तू हमसून हमसून रडलास, तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी रडतोय. दोन वर्षांनी मी येतो आणि तू जा, असं म्हणालास. तेव्हापासून दरवर्षी ‘पुढच्या वर्षी नक्की’. आणि तुझ्या बायकोच्या माहेरी, जेवणाच्या पंगतीत, माझ्यासमोर म्हणालास की ताईला पहिल्यापासून दुकानाचीच आवड. मी ताटात बघत बसले.

वशिल्याची आठवण वीज गेली तरी पुसत नाही, हे तू विसरलास. मागच्या मंगळवारी सेट लागला, यादी उघडली. मारामारीच्या कॅसेटखाली माझे चार कोड होते, माझ्या नावांनिशी. आणि पाचवा, जो मी कधी भरला नव्हता. त्याला तू नाव दिलं होतंस, इंग्रजी तीन अक्षरं, ‘ताई’. मी तो सुरू केला आणि दोन्ही रिमोट घेऊन एकटीच खेळले. दोन नंबरच्या माणसाने एक नंबरवाल्याला बारा लाथा मारल्या तेव्हा तो पडला. कोड बंद केला, तर सहा लाथांत आडवा. तीनदा करून बघितलं. दुकानात शिकले मी, एकदा तपासणं म्हणजे तपासणं नाही. दोन नंबरची ताकद निम्मी! आणि बटणाशेजारचा एक नंबर तू मागून घेतला होतास. माझीच रीत वापरून, मी दुकानात गिऱ्हाईकं सांभाळत असताना, तू दिवसचे दिवस स्वतःच्याच हातून मार खात तो आकडा शोधलास. एवढी चिकाटी अभ्यासात दाखवली असतीस तर पहिल्या वर्षी गटांगळी खाल्ली नसतीस. आणि लेखात लिहितोस, ‘खऱ्या सामन्यात आम्ही कधीच वशिला लावला नाही.’ चोर तो चोर, वर शिरजोर! केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला आता कळलं, ढिल्या रिमोटने कापतात. पण एक सांगते, आणि हे तुमच्या प्रदर्शनात मोठ्या अक्षरात लावून ठेव. निम्म्या ताकदीने मी तुझ्याकडून दोन डाव घेतले होते.

मग मी वशिला उघडला. काळं बटण मूळचं नाही, आपल्या दुकानातल्या टेपरेकॉर्डरचं आहे. आणि त्याचं सोल्डर मी ओळखते, थरथरत्या हाताचं, एका बाजूला ओघळलेलं. मी बाबांच्या समोर ते ठेवलं. त्यांनी कानाचं मशीन बंद केलं. मी हात पुढे करून ते परत सुरू केलं. मग म्हणाले, तो बटण तुटलंय म्हणून आला होता, रविवारच्या आत हवं म्हणत होता, आणि सामना रविवारी आहे हे मला माहीत होतं. बटण कशाला हवंय ते कळलं, तरी बसवून दिलं. पुढे म्हणाले, तू गेली असतीस तर माझं काय झालं असतं. तो दुकानात टिकला नसता, तू टिकलीस. त्यांना वाटलं हे माझं कौतुक आहे. मी उठून भांडी घासली, दोनदा घासली. खूप बोलायचं होतं, पण समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, गालात पिवळी गोळी धरून बसलेला. अति झालं आणि हसू आलं, तसं झालं माझं. हसले आणि मग रडले, आणि त्यांना ‘आ करा’ म्हटलं.

अजून एक खबर आहे, ती मी दोन महिने कोणाला सांगितली नव्हती. त्याच ध्वनिमुद्रणाच्या शाळेत जुन्या फिती वाचवायचं खातं उघडलंय. त्यांच्याकडे जुनी टेपमशीनं ढिगाने आहेत आणि ती दुरुस्त करणारं माणूस मिळत नाही. दुकानाच्या एका जुन्या गिऱ्हाईकाने माझं नाव सांगितलं. मी गेले, त्यांनी तीन बंद मशीनं पुढे ठेवली, मी संध्याकाळपर्यंत तिन्ही चालू केली. तिथले प्रमुख, माझ्यापेक्षा लहान, मला विचारतात, मॅडम, तुम्ही कुठल्या वर्षीच्या विद्यार्थिनी? मी पेचकस पुसून पिशवीत ठेवला. राहायला खोली देतात, एका माणसापुरती. आधी त्यांना ‘जमणार नाही’ असं कळवणार होते, बाबांना कोण बघेल म्हणून. पत्रही लिहून ठेवलं होतं. मग तुझा मेसेज आला, मी माळ्यावर चढले, आणि नकाराचं पत्र फाडलं. सोमवारी रुजू होतेय.

तर आता पार्सल. खोकं कुरियरवाल्याने नेलं असतं, पण दुसरं पार्सल तो घेत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला सांगितलं. हे पत्र तुला खोक्यात मिळालेलं नाही, बाबांच्या कोटाच्या खिशातून मिळालंय. ते तुझ्यासमोर, खोकं मांडीवर घेऊन बसले असतील. आधी त्यांना पाणी दे. दोन बॅगा आहेत, गोळ्या निळ्या पिशवीत, पेचकसांची पेटी त्यांनी स्वतः भरली. त्यांना सगळं सांगितलंय, आणि ते नाही म्हणाले नाहीत. वर गोळ्यांचं, कानाच्या मशीनचं, घड्याळाचं जे लिहिलंय ते काही गप्पा नव्हत्या, पेन्सिल घेऊन परत वाच. न्हाणीघरात डाव्या हाताला धरायची दांडी आजच बसव, उजवा गुडघा दगा देतो. त्यांच्याशी भांड, पण त्यांना एकटं जेवायला बसवू नकोस. सत्तावीस वर्षं मी काढली, सत्तावीस तू काढ. बाबा एकशेपाच वर्षांचे झाले की पुढचं बघू. खोक्यात सेट आहे, कॅसेट आहे, दोन्ही रिमोट आहेत. वशिला मी ठेवून घेतलाय, त्याच्याशिवाय ती कॅसेट लागत नाही हे तुला ठाऊकच आहे. मांड आता टेबलावर. आणि हा निकाल मान्य नसेल तर तसं कळव, मी वशिला घेऊन येते, पाच डाव पुन्हा खेळू. पहिला रिमोट अजून तसाच ढिला आहे. राहू दे टिल्लू, खराब तो मला.

तुझीच,
दोन नंबरवाली ताई