पाइनचं खोड आणि तुटक्या शेपटीची घोरपड

बाबा, तुमच्या पाइनचं खोड अजून अंगणात आहे. उन्हं तापली की जवळ बसल्यावर राळेचा वास येतो. पहाडातल्या कुठल्याशा नर्सरीतून ते रोप तुम्ही डब्यात घालून थेट एटापल्लीला आणलं होतं, मांडीवर घेऊन. आई चिडवायची, सागाच्या जंगलात जन्म गेला आणि या माणसाला वेड लागलं परक्या झाडाचं. पुढे त्याच्या मुळाशी बीळ करून घोरपड राहायला लागली. गावातल्या किती जणांचा तिच्यावर डोळा होता, पण तुम्ही तिला कुणाला हात लावू दिला नाही.

मग तो फाल्गुन. मोहफुलं गळायच्या आधी आई दरवर्षी मोहाखालचा पाचोळा जाळायची, म्हणजे वेचायला जमीन साफ मिळते. त्या दुपारी तिने त्याच सवयीने पाइनखालीही काडी लावली. मोहाचा पाचोळा भुरभुर जळून विझतो. पाइनच्या सुया राळेने पेटल्या आणि जाळ शेंड्यापर्यंत गेला. घोरपड बिळातून पळाली, तर कुत्र्याने तिची अर्धी शेपटी तोडली. आई ओट्यावर तोंडाला पदर लावून बसून राहिली. तुम्ही तिला पाणी आणून दिलंत. झाड कापलं तेव्हा मी म्हणाले, फुटेल परत, साग फुटतो तसं.

"सागाचं अलग असते, बाई," तुम्ही म्हणालात. "याले तोडलं का फुटवा येत नाई. पालीची शेपटी येते, घोरपडीची येत नाई. हे झाड अन् घोरपड, दोघं एकाच जातीचे."

ती तुटकी घोरपड नंतर बरेच दिवस त्या खोडावर ऊन खात बसायची. आई गेल्यावर तुम्हीही तिथेच खुर्ची टाकून बसू लागलात. येणारेजाणारे सांगायचे, होईल सगळं ठीक हळूहळू. तुम्ही हो म्हणायचात.

आता हेही गेले, यांच्या माघारी बल्लारपूरचं आमचं घर मला खायला उठलं, म्हणून मी इथे आले. तुम्ही नाही, पण खुर्ची तीच आहे. लोक तेच सांगतात आणि मीही हो म्हणते. फार एकटं वाटतं, बाबा.

काल खोडावर घोरपड दिसली. आपली असणं शक्य नाही, इतकी वर्षं झाली. तरी चुलीवरचा भात टाकून मी धावत गेले. शेपटी अख्खी होती. हे पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिते. ती तुटकी असावी, असं मला मनापासून वाटलं होतं.