सायप्रसच्या उन्हातली द्राक्षं

आप्पा, काल इथं अमेरिकेत, अ‍ॅशबर्नच्या एका दुकानात मी लोकांना सायप्रसची वाइन चाखायला देत होते. हा देश आपल्या सांगली जिल्ह्याहून जरासाच मोठा, पण तिथली कमांडारिया नावाची गोड वाइन शेकडो वर्षं त्याच नावानं ओळखली जाते. द्राक्षं तोडून आठ-दहा दिवस उन्हात पसरतात, चांगली सुरकुतली की रस काढतात. मी हे सांगत होते तेवढ्यात समोरच्या काकांनी मराठीत गाव विचारलं. तासगाव म्हटल्यावर म्हणाले, "बेदाण्याच्या गावची पोर आणि वाइन विकतेस? वडिलांना काय वाटत असेल गं!" मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, केस पिकलेत. "वडील जाऊन अकरा वर्षं झाली, काका," एवढंच बोलले आणि ग्लास पुसत राहिले. घरी येताना गाडीत मात्र तुमच्याशी मोठ्यानं भांडले.

चोवीस वर्षांपूर्वी त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही जेवत होता, आई भाकरी थापत होती. अमेरिकेत वाइन बनवण्याच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाल्याचं पत्र मी तुमच्या ताटाशेजारी ठेवलं. तुम्ही ते हातातसुद्धा घेतलं नाही. "माझा बेदाणा लोक देवापुढं ठेवतात. तू त्याच द्राक्षाची दारू गाळणार?" एवढं बोलून अर्ध्या ताटावरून उठलात. त्यानंतर तेरा वर्षं तुम्ही माझ्याशी फोनवर बोलला नाहीत. गावात सांगत राहिलात, पोरगी कम्प्युटरमध्ये आहे. पण आप्पा, शेडमध्ये जाळ्यांवरचा बेदाणा मीच निवडत होते ना? काळा पडलेला माल वेगळ्या पोत्यांत जायचा आणि ती पोती न्यायला दारूवाल्याचा टेम्पो यायचा. तुम्ही स्वतः उभं राहून तो भरून घ्यायचात. तेव्हा देव आठवला नाही तुम्हाला. लाज फक्त माझी वाटली.

तुम्ही गेलात तेव्हा मी सायप्रसमध्ये होते, कामासाठी, डोंगरातल्या एका लहानशा गावात. अंगणभर द्राक्षं पसरलेली, मधमाश्या घोंघावताहेत, आणि एक म्हातारा आपल्या मुलीसोबत गुडघ्यांवर बसून घड उलटतोय. मी एक द्राक्ष उचलते, चिमटीत दाबते, म्हणते, "अजून दोन दिवस." म्हातारा ते दाबून बघतो, हसतो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारतो, "कुणी शिकवलं?" मी म्हणते, "वडिलांनी." मग तो मुलीच्या खांद्यावर हात ठेवून मला सांगतो, "आता वाइन हीच करते. माझ्यापेक्षा चांगली करते." सहज बोलून गेला तो. मला त्याचा नाही, तुमचा इतका राग आला की उठून भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. हे एक वाक्य बोलायला तुमचं काय जात होतं?

त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला; मी अमेरिकेतच आहे असं त्याला वाटत होतं. "आप्पा गेले. तू कधी निघतेस?" मी म्हणाले, व्हिसाचा प्रॉब्लेम आहे, निघाले तर परत अमेरिकेत घेणार नाहीत. त्यानं ते खरं मानलं. आईनंही मानलं, अजून मानते. शेजारणींना सांगते, बिचारीला बापाचं तोंडही बघायला मिळालं नाही. म्हणून हे पत्र त्या घरी जाणार नाही. तिथं ते उघडून वाचणारी आता आईच एक उरली आहे.

व्हिसाचं काही नव्हतं, आप्पा. दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट मिळत होतं. मी ते काढलं नाही. तीन दिवस त्या बापलेकीच्या मध्ये बसून द्राक्षं उलटत राहिले, आणि खरं सांगते, मला तिथं बरं वाटत होतं.